चॅम्फरच्या कडेला पापुद्रा का राहतो?

प्रश्न: नुकतीच प्रॅक्टिस सुरू केलीय. दाढेवर झिरकोनिया क्राऊनसाठी (दातावरची सिरॅमिकची टोपी) प्रेप केलं, म्हणजे दात कापून तयार केला, की लॅबमधून हमखास फोन येतो, मार्जिन (कापलेल्या भागाची कड) नीट दिसत नाही, बाहेरच्या कडेला पातळ पापुद्रा राहिलाय, एकदा तर अंडरकट (आत वळलेला, टोपी बसू न देणारा भाग) पण निघाला. ड्रॉवरमध्ये वीसेक बर (दात कापायच्या ड्रिलच्या काड्या) पडलेत. अजून कोणता घेऊ?

उत्तर: डॉक्टर, अजून एकही घेऊ नका! उलट वीसातले पंधरा बाजूला ठेवा.

तो पापुद्रा येतो कारण बर जास्त आत जातोय. राउंड-एंड टेपर (निमुळत्या) बरचं टोक गोल असतं आणि चॅम्फर, म्हणजे कडेचा गोलसर काप, त्या गोलाच्या फक्त अर्ध्या भागाने कापायचा असतो, म्हणजे टोक १ मिमीचं असेल तर मार्जिन जास्तीत जास्त ०.५ मिमी, त्याच्या पुढे ढकललात की गोलाचा दुसरा अर्धा भाग बाहेरून दात न कापता तसाच सोडतो आणि तोच तुमचा पापुद्रा. मार्जिन जास्त खोल हवी तर जाड टोकाचा बर घ्या, बारीक बर आत घुसवू नका. पाकिटावर टोकाचा व्यास पाहायची सवय लावा, बहुतेक जण फक्त आकार बघून घेतात (मीसुद्धा कितीतरी दिवस तेच केलं).

अंडरकट मात्र मनगटामुळे येतो. टेपर बरमध्येच आलेला असतो, त्यामुळे बर दाताच्या अक्षाला धरून सगळीकडे तसाच फिरवायचा, आपण मुद्दाम तिरका करायचा नाही. तपासताना एक डोळा मिटून आरशात वरून बघा, सगळीकडची मार्जिन एकाच वेळी दिसली पाहिजे. दोन्ही डोळ्यांनी पाहिलं तर छोटा अंडरकट लपतो.

क्रम म्हणाल तर मी आधी वरून खोलीचे चर पाडते, मागच्या दाढेला साधारण १.५ मिमी, मग चरांमधला भाग काढते, अंदाजाने काढायला गेलं की एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त हे ठरलेलंच. शेवटी मेणाचा तुकडा चावायला देऊन त्याची जाडी कॅलिपरने मोजते. फंक्शनल कस्पला (चावताना भार घेणारा उंचवटा), म्हणजे वरच्या दाढांना टाळूकडचा नि खालच्यांना गालाकडचा, तिथे बेव्हल (तिरका काप) विसरू नका, क्राऊन तिथेच पातळ होतो. शेजारच्या दातापाशी अगदी बारीक नीडल डायमंड बर, मध्ये इनॅमलचा पातळ पडदा ठेवत जायचं, तो नंतर आपोआप तुटतो, आणि शेजाऱ्याला स्टीलचा मॅट्रिक्स बँड (पातळ पट्टी) लावला की जीव शांत.

ग्रिटचं (बरच्या खरखरीतपणाचं) सोपं आहे. हिरव्या किंवा निळ्या रिंगच्या बरने दात कमी करा, मार्जिन त्याच आकाराच्या लाल रिंगच्या बरने फिनिश करा. हिरव्याने मार्जिन सोडली तर ती खडबडीत राहते आणि स्कॅनमध्ये असो की इंप्रेशनमध्ये, कड तुटक येते. झिरकोनियाला आतले कोपरे टोकदार नकोत, तेही लालनेच गोल करून घ्या.

बर कापेनासा झाला म्हणून हात दाबू नका, झिजलेला डायमंड दात कापत नाही, नुसता घासतो आणि गरम करतो. बर बदला, आणि पाण्याचा फवारा टोकापर्यंत पोचतोय ना ते दर वेळी बघा.