वाचकांचे प्रश्न : खचती जमीन आणि रूळ

प्रश्न : आमच्या घराची भिंत दर वैशाखात तडकते आणि पावसाळ्यात ती फट बुजते. मेक्सिको शहर खचत चालले आहे, असे वाचनात आले. मग तिथली मेट्रो चालते कशी? आणि आपल्या भागात एवढ्या बोअर मारल्या जात आहेत, उद्या आपल्याकडेही तसेच होईल का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : तुमच्या भिंतीची फट आणि मेक्सिकोचे खचणे यांची जात वेगळी आहे. काळी रेगड पाण्याने फुगते, उन्हाने आकसते आणि पुढच्या पावसात पुन्हा फुगते. मेक्सिको शहर मात्र जुन्या तळ्याच्या गाळावर उभे आहे. तिथे भूजल उपसले की चिकणमातीचा थर दबून बसतो आणि पुढे पाणी मुरले तरी तो फारसा उठत नाही. काही भागांत हे खचणे वर्षाला सुमारे ५० सेंटिमीटरपर्यंत जाते.

सगळी जमीन सारखीच खाली गेली असती, तर रुळांना त्याचा फारसा त्रास झाला नसता. खरी अडचण कमी-अधिक खचण्याची आहे. १९९१ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या ‘ए’ मार्गिकेवर अशाने मूळ आराखड्यात नसलेले चढ-उतार तयार झाले आणि गाड्यांचा वेग कमी करावा लागला. उघड्यावरच्या मार्गावर निदान स्लीपरखाली खडी ठोकून रूळ उचलता येतात. बोगद्यात ती सोय नाही. बोगद्याच्या आतल्या गोल काँक्रीटच्या कड्यांचे सांधे उघडतात, त्यांतून पाणी झिरपते आणि त्या झिरपण्याने भोवतालची माती आणखी बसते.

उपसा थांबवला म्हणजे प्रश्न मिटला, असेही नाही. टोकियोत भूजल उपशावर निर्बंध आल्यावर पाण्याची पातळी इतकी वर आली, की उएनोचे भुयारी स्थानक होडीसारखे उचलले जाईल अशी भीती निर्माण झाली आणि ते दाबून धरण्यासाठी आत हजारो टन लोखंड ठेवावे लागले! शांघायने मात्र १९६० च्या दशकापासून उपसा कमी करून जमिनीत पाणी परत भरायला सुरुवात केली, त्यामुळे खचण्याचा वेग पुष्कळ उतरला.

आपल्याकडे मातीच्या थराखाली बहुतेक ठिकाणी कातळ आहे. त्याच्या भेगांतले पाणी संपले तर बोअर कोरडी पडेल, पण कातळ गाळासारखा दबत नाही. तुमच्या भिंतीसाठी मात्र पागोळ्यांचे आणि मोरीचे पाणी पायाशी मुरू देऊ नका, आणि फट बुजवण्याआधी गवंड्याकडून पाया किती खोल आहे ते पाहून घ्या.