ब्रेस्ट रिडक्शन (स्तन लहान करायचं ऑपरेशन) करायच्या आधी काय माहीत पाहिजे?

ताई, मान-खांदे दुखणं अन छातीखाली घामानं चट्टे उठणं हे तुम्ही लिहिलेलं ऑपरेशनसाठी खरंच कारण आहे, नुसती हौस नाही, त्यामुळं घरचे काय म्हणतील ते नंतर पाहू. पहिले खर्रा (तंबाखू-सुपारी) किंवा तंबाखूचं मंजन असेल तर बंद करा, किमान 4 आठवडे आधी अन नंतरही तेवढेच, कारण निकोटिननं रक्तपुरवठा कमी होतो, जखम उकलते, निपलची कातडी मरूही शकते. आपल्याकडं बाया हे डॉक्टरला सांगतच नाहीत, तुम्ही सांगा. बीपी-शुगरच्या गोळ्या, अ‍ॅस्पिरिन, सगळं सांगा.

पूर्ण भूल देतात, साधारण 2 ते 4 तास लागतात. व्रण फिके होतात पण जात नाहीत. निपलची जाणीव कमी होऊ शकते, अन पुढं लेकरू पाहिजे असेल तर दूध कमी येऊ शकतं, कधी येतही नाही, म्हणून हे आधीच ठरवा. वय 40 च्या वर असेल तर बहुतेक मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) सांगतील.

4 ते 6 आठवडे जड उचलणं बंद, म्हणजे ऑपरेशन कापूस वेचणीत नको, निंदणात नको, अन मे महिन्यात तर रातदिवस सपोर्ट ब्रा घालून जीव जाईल. फेब्रुवारी बरा. सर्जन एमसीएच (सर्जरीतली वरची डिग्री) प्लास्टिक सर्जरीवालाच पाहा, नागपूरच्या जीएमसीत (सरकारी मेडिकल कॉलेजात) तो विभाग आहे, खर्च तिथंच विचारा. पाणी भरायला मात्र घरात कोणीतरी आधीच ठरवून ठेवा.