बंद पडलेल्या मिठागरात किनारपक्ष्यांसाठी अभयारण्य करायचं आहे. गाळ काढून तळं करावं का? पाणी किती ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की ठाणे खाडीलगतचं साधारण १२ एकरांचं मिठागर बंद पडलंय आणि गाळ उपसून, काठाने झाडं लावून तिथे पक्ष्यांसाठी तळं करायचा विचार चालू आहे. गाळ काढू नका आणि काठाला झाडंही लावू नका. या दोन गोष्टी केल्यात तर पाणकावळे येतील, बगळे येतील, पण ज्यांच्यासाठी हा खटाटोप करायचा ते किनारपक्षी येणार नाहीत.

हे पक्षी पोहत नाहीत, चिखलात उभे राहून चोचीने किडे वेचतात. त्यामुळे पाय जेवढा लांब तेवढंच पाणी त्यांना चालतं. स्टिंट आणि चिखल्या यांना ओला चिखल ते ४ सेंमी, तुतवारांना ४ ते ८, गॉडविटला १५ पर्यंत, शेकाट्या आणि उचाट्याला २० पर्यंत. रोहित (फ्लेमिंगो) त्याहून खोल पाण्यातही चरतात, म्हणून केवळ रोहित पाहून ‘पाणी बरोबर आहे’ असं समजू नका. झाडांचं कारण वेगळं आहे. विश्रांती घेताना या थव्यांना चहूबाजूंनी मोकळं दिसावं लागतं, कारण बहिरी ससाणा कुठून येईल याचा भरवसा नसतो. काठाला झाडं आली की थवा त्या बाजूला बसणं सोडतो.

मिठागराचं खरं महत्त्व भरतीच्या वेळचं आहे. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो तेव्हा पक्षी तिथे चरतात. भरतीने तो बुडाला की चार-पाच तास उभं राहायला जागा लागते. ती जवळ नसेल तर पक्षी हवेत घिरट्या घालत राहतात आणि साठवलेली चरबी जाळतात. एप्रिल-मेमध्ये, मध्य आशिया नि सायबेरियाकडे निघण्याआधी, हा तोटा त्यांना परवडणारा नसतो. ठाणे खाडी रोहित अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. तरीही त्यातले पक्षी भरतीला हद्दीबाहेरच्या भांडुप पंपिंग स्टेशन, नवी मुंबईतल्या एनआरआय आणि टी. एस. चाणक्य, उरणजवळच्या पाणजे अशा पाणथळ जागांवर अवलंबून असतात. कर्ल्यू सँडपायपर आणि ग्रे प्लोव्हर २०२४ मध्ये आययूसीएनच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत ‘असुरक्षित’ ठरले, त्यामुळे अशी प्रत्येक जागा मोलाची आहे.

आता पाण्याचं गणित. मुंबईच्या भरती-ओहोटी तक्त्यानुसार उधाणाची (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारची मोठी) सरासरी भरती ४.४ मीटर आणि भांगाची (अष्टमीच्या सुमारची लहान) ३.३ मीटरच्या आसपास असते. मिठागराचा तळ आणि बांधातल्या पाण्याच्या दाराचा उंबरा साधारण ४ मीटरच्या पातळीला असला तर उधाणात ३०-४० सेंमी पाणी दारातून आत येतं आणि भांगात काहीच येत नाही. हेच हवं आहे. मात्र तक्ता अपोलो बंदरचा असतो. खाडीत आत भरतीची वेळ आणि उंची दोन्ही बदलतात. म्हणून दाराशी रंगवलेली मोजपट्टी रोवून एक अमावास्या आणि एक पौर्णिमा स्वतः नोंदी घ्या, मगच उंबऱ्याची पातळी ठरवा.

१२ एकर म्हणजे सुमारे ४८,५०० चौरस मीटर. सगळीकडे १० सेंमी पाणी हवं तर ४,८५० घनमीटर लागतं. एक मीटर रुंदीच्या दारावरून ३० सेंमी पाणी वाहत असेल तर सेकंदाला जास्तीत जास्त पावणेतीनशे लिटर आत येतं, म्हणजे एका भरतीत दोन तासांत दोन हजार घनमीटरच्या आतच. आत पातळी चढत गेली की वेगही पडतो. तीन-चार भरत्या, म्हणजे दोन दिवस धरा. पाइप टाकायचा मोह होतो, पण प्लॅस्टिक आणि गाळाने तो तुंबतो आणि तुंबलेला बाहेरून दिसत नाही. आत येणारी वाट बुजली की काय होतं ते नेरूळच्या डीपीएस तलावात २०२४ च्या उन्हाळ्यात दिसलं: भरतीचं पाणी अडलं आणि तलाव कोरडा पडला.

दाराच्या बाबतीत एक चूक फार होते. खारभूमीच्या बांधाला असते तशी झडपेची उघाडी लोक बसवतात. ती भरतीला आपोआप मिटते आणि ओहोटीला उघडते, म्हणजे शेत कोरडं ठेवण्यासाठी बनवलेली. तुम्हाला उलट काम हवं आहे. काँक्रीटच्या दोन खांबांत समोरासमोर खाच ठेवा आणि त्यात १० सेंमी उंच, ५ सेंमी जाड लाकडी फळ्या एकावर एक सरकवा. फळी काढली की पातळी १० सेंमीने खाली येते, घातली की वर जाते. लाकूड फुगून फटी बहुतेक बुजतात, उरलेल्या चिकणमातीने लिंपा. दार गळतं ते फळ्यांतून कमी आणि खांबाच्या बाजूने जास्त, कारण पाणी बांधाच्या मातीत वाट काढतं आणि खेकड्यांची बिळं त्याला मदत करतात. म्हणून दोन्ही बाजूंना निदान १ मीटर बांधात शिरलेली भिंत घ्या आणि माती १५-१५ सेंमीच्या थरांत धुमसा. दाराच्या तोंडाशी जाळं लावायची वहिवाट असेल तर आधी त्या मासेमारांशी बोलून वेळा ठरवा, नाहीतर फळ्या रात्री निघतील. गोव्यातल्या खाजणांच्या (खाडीलगतच्या बांध घातलेल्या शेतांच्या) मानशीवरचा, म्हणजे पाण्याच्या दारावरचा, मासेमारीचा हक्कही असाच जुना आहे.

यापुढचा मुद्दा बहुतेक आराखड्यांत सुटतो. पाणी भरता येतं ते उधाणात, आणि पक्ष्यांना उभं राहायला जागा सर्वांत जास्त हवी असते तीही उधाणातच. भांगाला खाडीच्या वरच्या अंगाचा थोडा चिखल उघडा राहतो, उधाणात काहीच राहत नाही. तुम्ही संपूर्ण मिठागर एकदम भरलंत तर नेमक्या त्या दिवशी त्यांना हाकललंत. म्हणून जुने आडवे बांध वापरून तीन कप्पे करा आणि प्रत्येकाला स्वतंत्र फळी-दार द्या. एका उधाणाला एकच कप्पा भरा. उन्हाळ्यात बाष्पीभवन दिवसाला ४ ते ६ मिमी असतं, म्हणजे पंधरवड्यात ६ ते ८ सेंमी पाणी आपोआप कमी होतं. १० सेंमी भरलेला कप्पा पुढच्या उधाणापर्यंत ओल्या चिखलावर येतो आणि रोज चिखलाची एक ताजी पट्टी उघडी पडते. फळ्या काढून घाईने रिकामा केला तर वरचा थर वाळून किडे मरतात, त्यामुळे मुद्दाम उतरवायचं तर आठवड्याला २-३ सेंमीच.

नको असलेले बांध तोडून मधली उंचवट्याची बेटं ठेवा: कमाल पाण्याच्या वर १०-१५ सेंमी, उतार १० मीटरला १ मीटर किंवा त्याहून मंद, माथ्यावर गवत नाही. काठाला दगडी पिचिंग करू नका. मशीनचं काम मेच्या मध्यापासून पाऊस लागेपर्यंत उरका. पक्षी जुलैअखेर परतू लागतात. पावसात सगळ्या फळ्या काढून गोडं पाणी वाहू द्या, नाहीतर पाणकणीस माजतं. याच दिवसांत तिवराच्या (खारफुटीच्या) बिया भरतीबरोबर आत येतात, म्हणून दाराबाहेर जाळी लावा आणि रोज साफ करा. एकदा रोप रुजलं की मनाने उपटू नका. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने कांदळवन तोडायला बंदी आहे, आधी वन विभागाच्या कांदळवन कक्षाशी बोला.

कुत्री हा सर्वांत मोठा त्रास. बांधाच्या आतून ३-४ मीटर रुंद, पाऊण मीटर खोल चर सतत भरलेला ठेवा. माणसांसाठी बांबूच्या तट्ट्यांचा आडोसा, थव्यापासून शंभर मीटर तरी लांब. मुंबईत उधाणाची भरती दुपारी बाराच्या सुमारास आणि मध्यरात्री येते, तेव्हा सकाळी दहा ते दुपारी दोन कुणालाही बांधावर सोडू नका. मोजणीही त्याच वेळात, आडोशातूनच करा.

कायद्याचं आत्ताच पाहून घ्या. पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांतून मिठासाठी बांधलेली तळी वगळलेली आहेत, त्यामुळे त्या नियमांचा आधार मिळणार नाही. जमीन सरकारी असेल तर वन्यजीव कायद्याखाली संवर्धन राखीव, खासगी किंवा गावकीची असेल तर समुदाय राखीव, हा मार्ग आहे.

आणि महिन्यातून एकदा चिखल तपासा. १० सेंमी व्यासाचा पाइप ५ सेंमी खोल दाबून निघालेला गाळ अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीत धुवा, प्रत्येक कप्प्यात पाच ठिकाणी. तांबूस अळ्या आणि दोऱ्यासारखे किडे दिसले तर ठीक. काळा, कुजक्या वासाचा गाळ आला तर पाणी साचून सडतंय, पुढच्या उधाणाला तो कप्पा ओहोटीत पूर्ण सोडून परत भरा. सगळे किडे नाहीसे होऊन फक्त मिठाच्या कोळंब्या उरल्या तर खारटपणा फार वाढलाय, ताजं पाणी जास्त वेळा घ्या.