यकृतातल्या गाठीत तोंडातला जिवाणू

प्रश्न : माझ्या वडिलांचा मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतात पसरला आहे. तोंडातले जिवाणू अशा गाठींत राहून प्रतिकारशक्ती दुबळी करतात, असे वाचले. तसे असेल तर प्रतिजैविके देऊन त्यांचा नायनाट का करत नाहीत? – एक वाचक, सातारा

उत्तर : आपण वाचले ते बरोबर आहे. या जिवाणूचे नाव फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम असून एरवी तो दातांवरच्या थरात आणि हिरड्यांच्या कडेला राहतो. आतड्याच्या गाठींत तो लगतच्या निरोगी भागापेक्षा अधिक आढळतो, हे २०११मध्ये दोन स्वतंत्र संशोधकगटांनी दाखवले. पुढे २०१७मध्ये बोस्टनच्या डाना-फार्बर कर्करोग संस्थेतील संशोधकांना एकाच रुग्णाच्या आतड्यातील मूळ गाठीत आणि यकृतातील गाठीत या जिवाणूचा जवळजवळ एकच वाण सापडला. म्हणजे कर्करोगाच्या पेशींबरोबर तोही यकृतात पोहोचला असावा.

प्रतिकारशक्तीला तो कसा अडवतो, हे समजून घेण्यासारखे आहे. कर्करोगाच्या पेशी मारणाऱ्या आपल्या नॅचरल किलर आणि टी या प्रतिकारपेशींवर ‘टिजिट’ नावाचा एक ग्राही (पेशीच्या पृष्ठभागावरचे, संदेश घेणारे प्रथिन) असतो, ज्याचे काम लगाम घालण्याचे आहे, कारण या पेशी मोकाट सुटल्या तर त्या स्वतःच्याच शरीरावर हल्ला करतील. या जिवाणूच्या पृष्ठभागावरचे फॅप-२ हे प्रथिन नेमके त्याच ग्राहीला चिकटून लगाम ओढते, आणि कर्करोगाची पेशी समोर असूनही मारेकरी पेशी थबकते. जेरुसलेमच्या संशोधकांनी हे २०१५मध्ये सिद्ध केले. हेच फॅप-२ गाठीच्या पेशींवर भरपूर असणाऱ्या एका शर्करेलाही चिकटते, त्यामुळे जिवाणूला गाठीत ठाण मांडता येते. ज्या गाठींत हा जिवाणू जास्त, त्यांत टी पेशी कमी, असेही आढळले आहे.

आता आपला मूळ प्रश्न. बोस्टनच्या त्याच अभ्यासात, रुग्णाची जिवाणूयुक्त गाठ रुजवलेल्या उंदरांना मेट्रोनिडॅझोल हे प्रतिजैविक दिल्यावर गाठीची वाढ मंदावली. हा निष्कर्ष आशादायक आहे, पण तो उंदरांमधला आहे. केवळ त्याच्या आधारावर रुग्णाला हे औषध देणे मला योग्य वाटत नाही. शिवाय प्रत्येक गाठीत हा जिवाणू असतोच असे नाही. मेट्रोनिडॅझोल आतड्यातल्या इतर अनेक जिवाणूंनाही मारते, आणि प्रतिकारशक्ती सज्ज ठेवण्यात त्यांतल्या काहींचा वाटा असतो. फुप्फुस व मूत्रपिंडाच्या कर्करोगात इम्युनोथेरपीच्या (प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध चेतवणाऱ्या उपचाराच्या) सुमारास प्रतिजैविके घेतलेल्या रुग्णांना उपचाराचा लाभ कमी झाल्याची निरीक्षणे आहेत.

आणखी एक गोष्ट तातडीची आहे. या कर्करोगाच्या केमोथेरपीत बहुधा फ्ल्युरोयुरॅसिल वापरतात आणि मेट्रोनिडॅझोलमुळे ते शरीराबाहेर पडण्याचा वेग कमी होऊन त्याची विषारी बाधा वाढू शकते. हिरड्यांच्या त्रासासाठी दंतवैद्यही हे औषध सर्रास लिहून देतात, म्हणून वडिलांना त्यांच्याकडे नेताना केमोथेरपीची फाइल सोबत ठेवावी आणि त्यांनी लिहिलेली गोळी सुरू करण्यापूर्वी कर्करोगतज्ज्ञांना विचारावे.