प्रतिफल की मोबदला?

इंग्लंडच्या करारकायद्याचा अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: ‘कन्सिडरेशन’ला, म्हणजे करारात समोरच्याच्या वचनासाठी आपण जे देतो त्याला, कुणी प्रतिफल म्हणतं, कुणी मोबदला. दोन्ही एकच का? टिपणांत कुठला शब्द वापरू?

व्यवहारात दोन्ही चालतात. घराची नोंदणी झाली की हातात पडणाऱ्या सूची क्रमांक दोनमध्ये ‘मोबदला’ असा रकाना असतो आणि लगेच पुढचा ‘बाजारभाव’. दोन रकाने वेगळे ठेवलेत, हे बरंच आहे. कारण बोलताना आपण मोबदला सहसा एकटा सोडत नाही. ‘योग्य मोबदला’, ‘पुरेसा मोबदला’ म्हणतो. रस्त्यात जमीन गेली की मोबदला कमी मिळाला म्हणून लोक कोर्टाची पायरी चढतात. शब्द कानावर पडला की ‘पुरेसा आहे का?’ हा प्रश्न पाठोपाठ येतोच.

इंग्लिश न्यायालय मात्र हा प्रश्न विचारतच नाही. थॉमस विरुद्ध थॉमस हा १८४२ चा खटला घ्या. मृत्यूपूर्वी नवऱ्याने इच्छा बोलून दाखवली की बायकोने राहत्या घरातच राहावं. इच्छापत्र अंमलात आणणाऱ्यांनी ते मान्य केलं. तिने वर्षाला एक पाउंड द्यायचा आणि घराची डागडुजी करायची, असं ठरलं. पुढे त्यांतल्या एकाने शब्द फिरवला. न्यायालय म्हणालं, नवऱ्याची इच्छा हा केवळ हेतू; ते प्रतिफल नव्हे. पण एक पाउंड आणि डागडुजी हे प्रतिफल, आणि तेवढं पुरे. घराच्या भाड्याशी त्या पाउंडाचा मेळ बसतो का, हे कुणी पाहिलं नाही.

चॅपेल विरुद्ध नेस्ले (१९६०) तर त्याहून गमतीचा. दीड शिलिंग आणि चॉकलेटचे तीन कागद पाठवले की गाण्याची तबकडी मिळे. आलेले कागद कंपनी फेकून द्यायची. तरी लॉर्ड्स सभेने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) बहुमताने ठरवलं की ते कागदही प्रतिफलाचा भाग आहेत. कचऱ्यात जाणाऱ्या कागदाला मराठीत मोबदला म्हणवेल का? माझी तरी जीभ रेटत नाही. म्हणून इंग्लिश कायद्यापुरता मी ‘प्रतिफल’च्या बाजूचा. फक्त त्यातलं ‘फल’ म्हणजे परिणाम असं समजू नका. समोरच्याच्या वचनासाठी आपण दिलेली किंमत, एवढाच अर्थ.

तरी मोबदल्यावर थोडा अन्याय होतो आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ अदलाबदल, आणि इंग्लिश न्यायाधीशांच्या मनातही नेमका सौदाच असतो. भरपाईचा वास त्याला आपल्याकडे नंतर लागला.

खरा वाद पुढे आहे. जे काम करायला आपण आधीच बांधलेलो आहोत, तेच पुन्हा केलं तर ते प्रतिफल होतं का? स्टिल्क विरुद्ध मायरिकमध्ये (१८०९) दोन खलाशी पळाले, उरलेल्यांना कप्तानाने जादा पगार कबूल केला. न्यायालयाने तो नाकारला. विल्यम्स विरुद्ध रॉफीमध्ये मात्र सुताराला वीस हजार पाउंडांच्या कामावर कबूल केलेली १०,३०० ची वाढ ग्राह्य धरली, कारण काम वेळेत झाल्याने मुख्य कंत्राटदाराचा दंड वाचणार होता. याला ‘व्यावहारिक लाभ’ म्हणतात. (निकाल १९८९ चा, छापील अहवाल १९९१ चा, म्हणून दोन्ही सालं दिसतात.) पण कर्जाची अर्धी रक्कम घेऊन बाकी सोडतो म्हटलं, तर फोक्स विरुद्ध बीअर (१८८४) अजून आडवा येतो: देण्यातला काही भाग चुकवणं हे बाकी सोडण्याचं प्रतिफल होत नाही. २०१८ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयासमोर हे बदलायची संधी आली होती, त्यांनी हा मुद्दा उघडाच ठेवला. मला हे पटत नाही: कामाला एक न्याय आणि पैशाला दुसरा. भारतीय करार अधिनियमात कलम ६३ नुसार घेणेकऱ्याला प्रतिफलाशिवायही बाकी सोडता येते, म्हणून ही अडचणच येत नाही, तेव्हा भारतातले निकाल या प्रश्नाच्या उत्तरात घुसडू नका.

थोडक्यात, खरेदीखत वाचताना मोबदला, इंग्लिश खटला लिहिताना प्रतिफल. यंत्राने ‘कन्सिडरेशन’चं शब्दशः भाषांतर करून काढलेला ‘वैध विचार’ दिसला, तर मात्र पान मिटा.