लिंगावरची न दुखणारी जखम आपोआप बरी झाली, तरी सिफिलिसची तपासणी करावी का?

करा, आणि याच आठवड्यात करा. तुम्ही लिहिलंय की दोन महिन्यांपूर्वी लिंगावर एक जखम झाली, दुखत नव्हती, मेडिकलमधून आणलेल्या मलमाने गेली. आता छातीवर-पाठीवर लालसर डाग आहेत, खाज नाही, आणि पत्नीला चौथा महिना लागलाय. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे. हे वाचून मला पहिला संशय सिफिलिसचाच येतो, आपल्याकडे जिला गरमी म्हणतात तिचा.

जखम मलमाने गेलेली नाही. ती संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी उठते आणि काहीच केलं नाही तरी ३ ते ६ आठवड्यांत भरून येते. जंतू तोवर रक्तात पोचलेला असतो. नंतर पुरळ येतं, तेही आपोआप जातं, आणि माणूस समजतो की सुटलो.

अशाच एका माणसाला मी अ‍ॅलर्जी समजून दोनदा सेट्रिझिन दिली होती. पुढे त्याच्या बायकोची गरोदरपणातली व्हीडीआरएल (सिफिलिसची रक्ततपासणी) रिअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे पॉझिटिव्ह आली. त्याला बोलावलं, तर तळहातांवर आणि तळपायांवर तांबूस डाग. आधी मी त्याचे हात उलटे करून पाहिलेच नव्हते. ती चूक मला अजून टोचते. तुम्ही आत्ता तळवे बघा, पण तिथे डाग नसले म्हणून तपासणी टाळू नका.

व्हीडीआरएल किंवा तिच्यासारखीच आरपीआर, आणि जोडीला खात्रीसाठीची टीपीएचए ही रक्ततपासणी करा. पहिली दुसऱ्या काही आजारांत, कधी गरोदरपणातही, खोटी रिअ‍ॅक्टिव्ह येऊ शकते, म्हणून टीपीएचए लागते. टीपीएचए मात्र उपचारानंतरही बहुतेकांची आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते, त्यामुळे आजार गेला की नाही ते तिच्यावरून कळत नाही. एचआयव्हीही तपासून घ्या. जिल्हा रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे गुप्तरोगांच्या सरकारी दवाखान्यात, हे सगळं मोफत होतं. पत्ता १०९७ या हेल्पलाइनवर विचारा.

उपचार सोपा आहे: बेंझाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट, निम्मं-निम्मं दोन्ही कुल्ल्यांत, एकदाच. इंजेक्शन दुखतं. टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसा, आणि पूर्वी पेनिसिलिनची रिअ‍ॅक्शन आली असेल तर आधी सांगा. त्या रात्री ताप, अंगदुखी झाली तर बहुधा जंतू मरताना येणारा ताप असतो, दिवसभरात उतरतो.

आता पत्नीबद्दल, कारण माझा जीव तिथेच अडकलाय. पहिल्या तिमाहीतला तिचा रिपोर्ट निगेटिव्ह असला तरी पुन्हा तपासणी हवी, लागण त्यानंतरही झालेली असू शकते. तुमचं निदान पक्कं झालं तर तिचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी तिलाही इंजेक्शन द्यावं लागेल. उपचार राहिला तर बाळ पोटात दगावू शकतं किंवा आजार घेऊन जन्मू शकतं. आईला वेळेत दिलेलं पेनिसिलिन नाळेतून बाळापर्यंत पोचतं. गरोदरपणात डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक चालत नाही, म्हणून मेडिकलवाल्याच्या गोळ्या तिला देऊ नका. तिला कसं सांगायचं याची भीती वाटत असेल तर दोघं मिळून या, समुपदेशक तुमच्यासोबत बसून बोलतील. दोघांची तपासणी आणि उपचार होईपर्यंत संबंध ठेवू नका.

इंजेक्शनच्या दिवशीचा व्हीडीआरएलचा आकडा जपून ठेवा. ६ आणि १२ महिन्यांनी त्याच लॅबमध्ये तीच तपासणी करायची. आकडा किमान चौपट उतरला, उदाहरणार्थ १:३२ चा १:८ किंवा त्याहून कमी झाला, तर औषध लागू पडलं.