1780 ते 2500

मिरजेहून एका आईंचं पत्र आलंय. मुलगा दहावीत, बुद्धिबळ खेळतो, फिडे (जागतिक बुद्धिबळ संघटना) रेटिंग 1780. त्याचं म्हणणं, अकरावीला कॉलेजच नको. 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी देतो आणि ग्रँडमास्टर होईपर्यंत फक्त खेळतो. बाबांचं मेडिकलचं दुकान, त्यांचं म्हणणं, बुद्धिबळ सुट्टीत. दोन महिने घरात धुसफूस चालू आहे. ‘दिव्या देशमुखला एका स्पर्धेत किताब मिळाला,’ हा मुलाचा हुकमी एक्का.

ताई, आधी तो एक्का बाजूला ठेवू. नागपूरची दिव्या जुलै 2025 मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला महिला विश्वचषक जिंकली आणि थेट ग्रँडमास्टर झाली, भारताची 88वी, हे खरं. पण तिथे गेली तेव्हा ती इंटरनॅशनल मास्टर, म्हणजे ग्रँडमास्टरच्या एकच पायरी खाली होती आणि आदल्या वर्षीच्या बुडापेस्ट ऑलिम्पियाडची दोन सुवर्णं, सांघिक आणि वैयक्तिक, घरी होती. बाकीच्यांना ग्रँडमास्टर व्हायला 2500 रेटिंग आणि तीन नॉर्म लागतात. नॉर्म म्हणजे साधारण नऊ डावांची स्पर्धा, समोर निदान तीन ग्रँडमास्टर, शिवाय परदेशी खेळाडू, आणि कामगिरी 2600 च्या तोडीची. अशा स्पर्धा आपल्याकडे मोजक्याच, म्हणून पोरं युरोपात जाऊन आठवडेच्या आठवडे खेळतात. तिकीट, मुक्काम, एन्ट्री फी, सगळं खिशातून. ग्रँडमास्टरांच्या राहण्याची सोय बहुतेक वेळा आयोजक करतात. 1780 वाल्याची कोण करणार?

आणि किताब मिळाला म्हणून पगार सुरू होत नाही. नाशिकचा विदित गुजराथी 2013 ला ग्रँडमास्टर झाला. ग्रँड स्विस स्पर्धा जिंकून कँडिडेट्सची, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेची, जागा मिळवली ती 2023 ला. मधली दहा वर्षं बातम्यांत फारशी दिसत नाहीत. पुण्याचे अभिजित कुंटे 2000 सालचे ग्रँडमास्टर. बुडापेस्टला सुवर्ण जिंकलेल्या महिला संघाचे ते कर्णधार होते, पटावर न बसता. चेन्नईचे आर. बी. रमेश यांनी तर इंडियन ऑइलची नोकरी सोडून शिकवणं पत्करलं. ग्रँडमास्टर प्रज्ञानंद त्यांच्याच हाताखाली घडला. या खेळात पोट भरतं ते बरंचसं असं, शिकवून किंवा तेल कंपन्या-रेल्वेतल्या नोकरीवर. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण तिथे अधिकृत राज्य-राष्ट्रीय स्पर्धांमधली कामगिरी बघतात. गल्लोगल्लीच्या खुल्या स्पर्धांमध्ये मिळालेल्या ट्रॉफ्या शोकेसमध्येच राहतात.

आता बाबांसाठी. ‘सुट्टीत खेळ’ हेही चुकतंय. अठरा पूर्ण होतात ते वर्ष संपेपर्यंत आणि रेटिंग 2300 च्या आत असेपर्यंत मुलांचं रेटिंग 40 च्या गुणकाने हलतं, नंतर 20 च्या. म्हणजे तोडीच्या खेळाडूला हरवलं तर आज 20 गुण, पुढे 10. घसरणही तितकीच, पण चढायचं तर हीच दोन-तीन वर्षं. ती क्लासच्या टेस्ट सिरीजमध्ये गेली तर परत येत नाहीत.

तेव्हा फॉर्म 17 नको, जेईई-नीटचा क्लासही नको. घराजवळचं कॉमर्स किंवा आर्ट्सचं कॉलेज बघा आणि प्रवेशाआधीच प्राचार्यांना विचारा, स्पर्धेच्या दिवसांची हजेरी धरणार का. दोन वर्षांची मुदत द्या. बारावीपर्यंत 2100 च्या पुढे गेला तर पूर्णवेळ खेळण्याचं बोलू. नाही गेला तर बीकॉम आणि खेळ सोबत. 2100 हा माझा आकडा, कुठल्या नियमातला नाही.

एक काम लगेच करा. त्याच्या शेवटच्या दहा हरलेल्या डावांच्या स्कोअरशीट, म्हणजे खेळ्या लिहिलेले कागद, काढा. गेल्या वर्षी असाच एक मुलगा माझ्याकडे आला होता. ‘सर, जिंकत होतो, नशीब नव्हतं.’ कागद मांडले तर दहापैकी सात डावांत तिसाव्या खेळीनंतर अक्षर बिघडत गेलेलं, घोड्याची खेळी कुठली न् हत्तीची कुठली, कळेना. वेळ संपत आला की तो घाबरायचा, ओपनिंगचं, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या खेळ्यांचं, पाठांतर मात्र चोख. त्याने सहा महिने नवी ओपनिंग बंद ठेवून नुसते हत्ती-प्याद्यांचे डावाचे शेवट घोटले.

तुम्ही लिहिलंय, हरल्यावर तो जेवत नाही. न जेवू दे एक वेळ. दुसऱ्या दिवशी तोच डाव स्वतःहून पुन्हा पटावर मांडतो का, तेवढं मला कळवा.